माशांची वाढ आणि संप्रेरके: प्रजनक माशापासून काढणीपर्यंत तळ्यावर नेमके काय करायचे

"मासा लवकर वाढावा म्हणून कोणते हार्मोन द्यावे?" हा प्रश्न शेततळ्यात मासे सोडणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. त्याचे सरळ उत्तर असे की विक्रीसाठी वाढवायच्या माशाला खाद्यातून कोणतेही हार्मोन, म्हणजे संप्रेरक, द्यायचे नसते. मत्स्यशेतीत बाहेरून संप्रेरक देण्याच्या रास्त जागा मुख्यतः दोन आहेत. एक, कार्प हॅचरीत (कटला, रोहूसारख्या कार्प माशांचे बियाणे तयार करणाऱ्या केंद्रात) प्रजनक माशांना द्यायचे इंजेक्शन. दोन, परवानगी असलेल्या तिलापिया हॅचरीत पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे द्यायचे खाद्य. बाकीची सगळी वाढ माशाच्या अंगातल्या स्वतःच्या संप्रेरकांवर चालते. ती नीट काम करतील की अडून बसतील, हे पाणी, खाद्य, दाटी आणि आपली हाताळणी यांवर ठरते. म्हणून औषधाच्या बाटलीइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष इथे द्यायला हवे.

उदाहरणे मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक तळ्यांत हेच मासे असतात.

वाढीचा हुकूम कुठून निघतो

मेंदूच्या तळाशी पियुषिका ही काही मिलिग्रॅम वजनाची ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक रक्तात येते. ते थेट स्नायू वाढवते त्याहून जास्त काम यकृतामार्फत करते. त्याचा निरोप मिळाला की यकृत आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक बनवते आणि स्नायू व हाडे प्रत्यक्षात त्यावर वाढतात. व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की उपाशी माशाच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी होत नाही, उलट वाढते. तरीही मासा वाढत नाही, कारण उपाशी यकृत त्या निरोपाला दाद देत नाही आणि आयजीएफ-१ खाली येते. वाढलेले संप्रेरक तेव्हा साठवलेली चरबी जाळून मासा जगवण्याच्या कामी लागते. म्हणजे प्रथिने पोटात गेली नाहीत तर वाढीचे संप्रेरक कितीही असले तरी वजनकाटा हलत नाही.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट रसायनाची आहे. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यात मिसळले तर पेंडीतल्या प्रथिनासारखेच ते पचून जाते. त्यामुळे 'ग्रोथ हार्मोनयुक्त' म्हणून खाद्यात मिसळायला दिलेल्या पावडरीत खरोखर ते संप्रेरक असले तरी फारसा उपयोग नाही. लैंगिक संप्रेरके मात्र स्टेरॉईड असतात, ती तोंडावाटे दिली तरी टिकतात. पावडर खाऊन मासा खरेच फुगत असेल तर आत स्टेरॉईड असण्याची शंका घ्यावी. तो मासा माणसाच्या ताटात जाणार असतो, म्हणून घटक स्पष्ट न छापलेले असे उत्पादन तळ्यावर आणूच नये.

वाढीच्या संप्रेरकाची ताकद खोटी नाही. अटलांटिक सॅमनमध्ये चिनूक सॅमनचे वाढ-संप्रेरकाचे जनुक घालून तयार केलेल्या माशाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. तो साध्या सॅमनपेक्षा खूप लवकर बाजाराच्या वजनाला येतो. आपल्या तळ्यासाठी असला मासा नाही आणि त्याची गरजही नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील सीफा या गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने निव्वळ निवड पद्धतीने तयार केलेल्या 'जयंती रोहू'त दर पिढीला सरासरी १७ टक्के वाढ मिळाली. बियाणे घेताना हा सुधारित वाण मिळतो का ते आधी विचारावे.

प्रजनक मासे: इंजेक्शनच्या आधीचे चार-पाच महिने

कटला, रोहू, मृगळ हे नदीच्या पुरात अंडी घालणारे मासे. बंद तळ्यात त्यांच्या पोटात अंडी भरतात, पण घातली जात नाहीत. पूर्वी बियाणे नदीतून किंवा बांकुरा, मेदिनीपूरसारख्या भागातल्या बंधाऱ्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिकेच्या अर्काने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्याच दिवशी देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

अंड्यात बलक भरण्याचे काम महिनोन्‌महिने चालते. बीजांडकोशातून इस्ट्राडायॉल सुटते, त्यावर यकृत बलकाचे प्रथिन बनवते आणि ते रक्तातून अंड्यात साठते. इंजेक्शन फक्त शेवटचे दहा-बारा तास चालवते. बलकच नीट भरलेला नसेल तर इंजेक्शन कितीही दिले तरी अंडी मिळत नाहीत, आणि हॅचरीतले बरेचसे अपयश इथेच असते.

जानेवारी-फेब्रुवारीत प्रजनकांचे तळे वेगळे करा. वय किमान दोन वर्षे पूर्ण, शक्यतो तीन ते पाच, आणि वजन २ ते ५ किलो. एकरी ६०० ते ८०० किलोपेक्षा जास्त मासे ठेवू नका. साधारण ३० टक्के प्रथिनांचे खाद्य वजनाच्या २ ते ३ टक्के द्या आणि हंगाम जवळ आला की १ टक्क्यापर्यंत उतरवा. नुसती भाताच्या कोंड्यावर पोसलेली मादी बाहेरून गुबगुबीत दिसते, पण पोटात अंड्यांऐवजी चरबी असते आणि अंडी सुटताना ती आड येते. सीफाने प्रजनकांसाठीच 'सीफाब्रूड' हे खाद्य तयार केले आहे. ते मिळाले तर हंगाम लवकर सुरू करता येतो. मार्चपासून दर पंधरवड्याला थोडे पाणी काढून ताजे भरा. ताज्या पाण्याचा ओघ, वाढता दिवस आणि वाढते तापमान या तिन्ही खुणा मेंदूपर्यंत पोहोचतात आणि पियुषिकेचे काम सुरू होते.

निवड इंजेक्शनच्याच दिवशी, उपाशीपोटी करा. आदल्या दिवशी खाद्य बंद. नराच्या छातीजवळच्या पराची आतली बाजू बोटाला खरखरीत लागते आणि पोट हलके दाबले की दुधासारखे पांढरे वीर्य येते. पाणीदार आले तर तो नर अजून तयार नाही किंवा हंगाम सरत आला आहे. मादीचे पोट मऊ, दोन्ही बाजूंना सारखे फुगलेले, गुदद्वार सुजलेले व गुलाबी. पोट ताठ आणि कडक लागले तर मादी परत सोडा. बोटांवर विश्वास नसेल तर बारीक नळीने थोडी अंडी काढून ६ भाग अल्कोहोल, ३ भाग फॉर्मेलिन, १ भाग अॅसेटिक आम्ल अशा द्रावणात टाका. काही मिनिटांत अंड्यातले केंद्रक दिसू लागते. ते मधोमध असेल तर थांबा, कडेला सरकलेले असेल तर मादी तयार आहे.

इंजेक्शन: मात्रा, जागा, वेळ

इंजेक्शन दोन प्रकारचे असते.

पहिला प्रकार पियुषिकेचा अर्क. ताज्या, पक्व माशांच्या डोक्यातून काढलेल्या ग्रंथी निर्जल अल्कोहोलमध्ये काळ्या बाटलीत ठेवलेल्या असतात. बाटलीत ओल शिरली की त्यांची ताकद जाते आणि बाहेरून ते कळत नाही. ग्रंथी टिपकागदावर ठेवून अल्कोहोल उडू द्या, वजन करा, ०.३ टक्के मिठाच्या पाण्यात खलून घ्या, गाळ बसू द्या आणि वरचे पाणी वापरा. मादीला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅमचा पहिला डोस, सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमचा दुसरा. नराला एकच डोस, २ ते ३ मिलिग्रॅम, मादीच्या दुसऱ्या डोसबरोबर. हिशेब असा: ३ किलोची मादी आणि दीड-दीड किलोचे दोन नर. पहिला डोस ६, दुसरा १८, दोन्ही नरांना मिळून ६, एकूण ३० मिलिग्रॅम. पहिला डोस देताना ६ मिलिग्रॅमचाच अर्क करा, उरलेले २४ दुसऱ्या वेळी ताजे खला. १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असे द्रावण केले तर मादीला ०.६ आणि मग १.८ मिलि, प्रत्येक नराला ०.३ मिलि.

दुसरा प्रकार तयार औषधांचा: ओव्हाप्रिम, ओव्हाटाइड, वोव्हा-एफएच. ही औषधे पियुषिकेला डावलून जात नाहीत, माशाची स्वतःचीच पियुषिका जागी करतात. ओव्हाप्रिमच्या १ मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम कृत्रिम जीएनआरएच आणि १० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन असते. पहिला घटक पियुषिकेला अंडी सोडवणारे संप्रेरक बाहेर टाकायला सांगतो. पण कार्प माशांत मेंदूतले डोपामिन हे रसायन तिला रोखून धरते. डॉमपेरिडोन ती अडवणूक काढते. म्हणून नुसत्या जीएनआरएचवर कार्प मासे नीट प्रतिसाद देत नाहीत, जोडी लागते.

ओव्हाप्रिमची किलोमागे मात्रा: रोहू मादी ०.३ ते ०.४ मिलि, कटला मादी ०.४ ते ०.५, मृगळ मादी ०.२५ ते ०.३, आणि सगळ्या नरांना ०.१ ते ०.२. हंगामाच्या सुरुवातीला वरची मात्रा, ऐन पावसाळ्यात खालची. नर-मादीला एकाच वेळी, एकदाच. वरच्याच उदाहरणात रोहूच्या ३ किलोच्या मादीला १.२ मिलि, दीड किलोच्या नराला सुमारे ०.२ मिलि. दुसऱ्या कंपनीचे औषध असेल तर त्याच्या पत्रकावरची मात्रा घ्या. एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नका.

टोचण्याची रीत दोन्हींत सारखीच. मासा ओल्या स्पंजवर आडवा ठेवा, डोळ्यांवर ओले फडके टाका, तो शांत होतो. पाठीवरच्या पराचा मागचा शेवट आणि अंगावरची बाजूची रेघ यांच्या मधली मांसल जागा घ्या. एक खवला सुईने उचलून त्याखालून ४५ अंशांत सुई शेपटीकडून डोक्याच्या दिशेने घाला, हळू औषध सोडा, सुई काढताच अंगठ्याने जागा दाबून चोळा. १ ते ३ किलोच्या माशाला २२ नंबरची सुई चालते. एका जागी दीड-दोन मिलिपेक्षा जास्त औषध बसत नाही, उरलेले दुसऱ्या बाजूला द्या. तयार औषध दाट असते. घाईने दाबले की तेवढेच परत बाहेर येते आणि डोस अर्धवट राहतो. छातीच्या पराच्या बुडाशी पोटात टोचायची पद्धतही आहे, पण भरल्या पोटाच्या मादीत बीजांडकोशाला सुई लागण्याचा धोका असतो.

वेळ संध्याकाळची, ५ ते ७. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर तयार औषधावर साधारण ८ ते १२ तासांत, म्हणजे पहाटेपर्यंत, मासे अंडी घालतात. पियुषिकेच्या दुसऱ्या डोसनंतर ४ ते ६ तास. २४ अंशांच्या खाली वेळ लांबतो, ३१ च्या वर अंडी बिघडतात. दर मादीमागे दोन नर, दोन्ही मिळून साधारण मादीच्या वजनाइतके. लहान प्रमाणावर काम असेल तर ३ × १.५ × १ मीटरचा प्रजनन हापा (पाण्यात बांधायची कापडी पेटी) पुरतो. मोठ्या कामाला वर्तुळाकार हॅचरी, जिच्यात पाण्याचा फिरता ओघ पुराची जागा घेतो. रात्री टॉर्च मारत फिरू नका, मासे बिथरतात.

आता चुका. मादीने अंडी घातलीच नाहीत तर आधी वय आणि पोट तपासा, मग औषधाची मुदत, शेवटी मात्रा. लगेच दुसरा जोरदार डोस देणे हा सर्वांत महाग उपाय आहे. अंडी सुटतात पण बाहेर येत नाहीत आणि मादी मरते. अंडी आली पण पांढरी पडली तर नर कमकुवत किंवा अंडी आत जास्त वेळ राहून शिळी झालेली. अर्धीच अंडी आली तर बहुधा डोस गळला किंवा पाणी रात्रीत गार झाले. काचेच्या बशीत १०० अंडी घेऊन मोजा. काचेसारखी पारदर्शक अंडी ८० च्या वर असतील तर खेप चांगली. अंडी घालून झालेल्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यातून मिनिटभर काढून वेगळ्या तळ्यात सोडा. त्यांना पहिले दोन दिवस खाद्याचा आग्रह नको.

जिरे आणि बोटुकली

२७-२८ अंशांत १४ ते १८ तासांत अंडी फुटतात. उबवणीच्या हाप्यात आतल्या कापडावर ७५ हजार ते १ लाख अंडी पसरा, त्याहून जास्त नको. अंडी फुटेपर्यंत पाण्याचा ओघ जरा जोरात, जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) बाहेर आले की निम्म्यावर आणा. पिल्ले पहिले तीन दिवस बलकावर जगतात.

या तीन दिवसांत त्यांच्या अवटू (थायरॉईड) ग्रंथी अजून नीट कामाला लागलेल्या नसतात. पर फुटणे, आतडे पूर्ण होणे, हाडे बनणे हे सगळे अवटू संप्रेरकावर चालते आणि त्याचा सुरुवातीचा साठा आईकडून अंड्यातच आलेला असतो. आईच्या रक्तातले ताणाचे संप्रेरकही तसेच अंड्यात उतरते. म्हणून वारंवार जाळे ओढून त्रासलेल्या मादीची अंडी संख्येने ठीक असली तरी जिरे दुबळे निघतात. जिऱ्यांना थायरॉक्सिनच्या पाण्यात बुडवण्याचे प्रयोग झाले आहेत. तळ्यावर हे करू नका, मात्रा जरा चुकली की पाठीचा कणा वाकडा होतो. मादीच्या खाद्यात मासळी किंवा खनिज मिश्रणातून आयोडीन पोहोचले की काम भागते.

चौथ्या दिवशी जिरे संगोपन तळ्यात सोडा. १० गुंठ्यांच्या तळ्यात ३ ते ५ लाख. शेणखत आणि पेंडीने पाणी आधीच तयार करून त्यात सूक्ष्म प्राणी दिसायला हवेत. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे, बारीक चाळून द्या. १० लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज ६ किलो आणि पुढे १२ किलो या हिशेबाने ४ लाखांना २.४ आणि मग ४.८ किलो. पंधरा-वीस दिवसांत मत्स्यबीज तयार होते.

इथे आंध्रातल्या पद्धतीची एक गोष्ट उपयोगी आहे. तिथे बियाणे मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर रोखून ठेवतात आणि १००-१५० ग्रॅमचे झाले की मोठ्या तळ्यात सोडतात. मोकळी जागा आणि पोटभर खाद्य मिळताच आयजीएफ-१ उसळते आणि मासा राहून गेलेली वाढ भरून काढतो. मराठवाडा-विदर्भात ज्या शेततळ्यांत पाणी आठ-नऊ महिनेच टिकते, तिथे असे रोखलेले बियाणे सोडणे साध्या बोटुकलीपेक्षा (बोटाएवढ्या पिल्लांपेक्षा) फायद्याचे. पण वाढीच्या तळ्यात मुद्दाम चार दिवस उपाशी आणि चार दिवस भरपूर असा खेळ करू नका. भरपाई होते, वरकड वाढ मिळत नाही.

तिलापिया: नर पिल्लांचा प्रश्न

उजनीसारख्या धरणांत चिलापी (तिलापिया) का लहानच राहते याचे उत्तर लैंगिक संप्रेरकांत आहे. तिलापियाची मादी काही महिन्यांतच, हाताच्या पंजापेक्षा लहान असताना वयात येते, अंडी तोंडात घेऊन उबवते आणि तेवढे दिवस जवळजवळ खातच नाही. खाल्लेले मांसाऐवजी अंड्यांत जाते आणि तळे पिल्लांनी भरते. नर मात्र वाढत राहतो. म्हणून 'गिफ्ट' या सुधारित तिलापिया वाणाची सर्व-नर पिल्ले सोडतात.

नुकत्याच खायला लागलेल्या पिल्लात लिंग अजून पक्के झालेले नसते. त्या काळात नर-संप्रेरक मिळाले की जन्माने मादी असलेली पिल्लेही नर होतात. प्रचलित पद्धत अशी: ९ ते ११ मिलिमीटरची, कमाल १४ मिलिमीटरपर्यंतची पिल्ले. एक किलो बारीक खाद्यात ६० मिलिग्रॅम १७-अल्फा-मिथाइल टेस्टोस्टेरॉन. ६ ग्रॅम औषध १ लिटर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवले की त्यातले १० मिलि एका किलोला पुरते. ते आणखी २०० मिलि अल्कोहोलमध्ये मिसळून खाद्यावर सारखे पसरतात, सावलीत वाळवतात, थंड अंधाऱ्या जागी ठेवतात. सुरुवातीला वजनाच्या २० टक्के, पुढे उतरवत १० टक्के, दिवसातून चार-पाच वेळा, २१ ते २८ दिवस. नर ९५ टक्क्यांच्या वर निघायला हवेत.

चुकते कुठे? पिल्ले वयाने मिसळलेली असली तर मोठी पिल्ले मादीच राहतात. पाणी हिरवे असेल तर पिल्ले शेवाळ खाऊन पोट भरतात आणि औषधाचे खाद्य कमी जाते. डोस वाढवून प्रश्न सुटत नाही, अतिमात्रेने परिणाम उलटा, मादीकडे झुकू शकतो. मिसळणाऱ्याने हातमोजे आणि मास्क घालायलाच हवा, गरोदर स्त्रीने या कामाला हात लावू नये, आणि उपचाराचे पाणी सरळ ओढ्यात सोडू नये. हे काम हॅचरीचे आहे. शेतकऱ्याने मान्यताप्राप्त हॅचरीतूनच पिल्ले घ्यावीत, नरांची टक्केवारी कशी तपासली ते विचारावे, आणि वाढीच्या तळ्यात हे औषध कधीही वापरू नये. उपचारानंतर मासा पाच-सहा महिने वाढतो, औषध त्याआधीच, काही आठवड्यांत, अंगातून जाते. विक्रीच्या आधी दिले तर ते माशासोबत ताटात येईल.

वाढीचे तळे: कॉर्टिसॉल खाली ठेवा

माशाला धोका जाणवला की डोक्याजवळच्या मूत्रपिंडातून काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सुटते, तासाभरात शिगेला पोहोचते. एकदाच झालेल्या त्रासानंतर ते काही तासांत ते दिवसभरात उतरते आणि बिघडत काही नाही. रोज पहाटे प्राणवायू कमी पडणे, कायमची दाटी, साचलेला अमोनिया, यांमुळे ते उतरतच नाही. मग भूक मरते, आयजीएफ-१ खाली येते, साठवलेली प्रथिने मोडून साखर बनते आणि रोगप्रतिकार ढिला पडतो. तळ्यात खाद्य जाते, पैसे जातात, मासा तसाच राहतो. 'काहीतरी हार्मोन द्या' ही मागणी बहुतेक वेळा अशाच तळ्यातून येते.

प्राणवायू मोजायचा तो पहाटे ५ वाजता. दुपारी लिटरला १० मिलिग्रॅम दाखवणारे हिरवे तळे पहाटे २ वर आलेले असू शकते. ५ च्या वर असावा. ३ च्या खाली गेला की मासा खाल्लेले अंगी लावत नाही. एअरेटर रात्री २ पासून उजाडेपर्यंत चालवा. सलग ढगाळ दिवस आले की खाद्य निम्म्यावर आणा. सामू ७ ते ८.५, पाण्याची पारदर्शकता २५ ते ४० सेंटिमीटर. कोपर बुडेपर्यंत हात घातला आणि तळहात दिसेनासा झाला तर साधारण तेवढीच. तळहात मनगटाशीच दिसेनासा होत असेल तर शेवाळ फार झाले, खत थांबवा.

खाद्याचा हिशेब दर पंधरा दिवसांनी नव्याने करा. २,००० मासे, सरासरी १५० ग्रॅम, म्हणजे ३०० किलो. २.५ टक्क्यांनी रोज ७.५ किलो, सकाळी ९-१० आणि दुपारी ४ ला विभागून. वेळ रोज तीच ठेवा. भूक लावणारे घ्रेलिन ठरलेल्या वेळेच्या आधी चढते असे गोल्डफिशमध्ये दिसले आहे, आणि वेळेवर दिलेले खाद्य मासे चटकन संपवतात हे तर कोणत्याही तळ्यावर दिसते. दोन तासांनी चेक ट्रेत (पाण्यात टांगलेल्या खाद्याच्या ताटलीत) खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी १० टक्के कमी करा. हिवाळ्यात पाणी २० अंशांच्या खाली गेले की निम्मे द्या आणि तेही दुपारी. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत याच चुकीने बरेच खाद्य वाया जाते.

नमुना जाळे पंधरा दिवसांतून एकदाच, सकाळी लवकर, ३०-४० मासे पुरतात. त्या दिवशी खाद्य देऊ नका. वजनाबरोबर लांबीही मोजा: ग्रॅममधले वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. ५०० ग्रॅम, ३२ सेंटिमीटरच्या माशाचा आकडा १.५३ येतो. हा आकडा आपल्याच तळ्यातल्या आधीच्या आकड्याशी ताडा. लांबी वाढते आहे पण आकडा घसरतो आहे तर खाद्य कमी पडते. लांबीच थांबली तर पाणी आणि दाटी तपासा. लांबी थांबून पोट मात्र भरले असेल तर मासा वयात आला. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ्यातच वयात येतो आणि अंडी घालतो, तेव्हा त्याला त्याआधी विकणे बरे. नॉर्वेत सॅमन वेळेआधी वयात येऊ नये म्हणून हिवाळ्यात पिंजऱ्यांवर रात्रभर दिवे लावतात. आपल्या कार्पसाठी मात्र वेळेवर विक्री हाच उपाय.

बोटुकली वाहून नेताना लिटरला ३ ते ५ ग्रॅम साधे मीठ घाला. ताण आलेल्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातून क्षार झिरपतात, मिठाने ती गळती कमी होते. पिशवी तळ्याच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेत सोडा. सोडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत खाद्य नको, कॉर्टिसॉल चढलेले असताना मासा खात नाही आणि पेंड तळाशी कुजते.

काढणीच्या आधी एक दिवस खाद्य बंद ठेवा. जाळे पहाटे, गारव्यात ओढा. एकाच वेळी सगळे मासे कोपऱ्यात कोंडू नका, दोन-तीन ओढींत काढा. जाळ्यात तासभर तडफडलेल्या माशाच्या स्नायूंतली साखर संपून आम्ल साचते, तो लवकर ताठरतो आणि मांस लवकर मऊ पडते. मासा बाहेर येताच बर्फाच्या पाण्यात टाका आणि खोक्यात माशाइतकाच बर्फ घाला: १ किलोला १ किलो, खाली एक थर, वर एक थर.